खेळातली खानावळ

लालबागच्या मसाला गल्लीत मिरची भाजायला घेतली की दोन गल्ल्यांपलीकडच्या चाळीतसुद्धा माणसं ठसकतात. बकुळा कधी ठसकली नाही. धुराशी तिची जुनी सोयरीक होती. देवगडाकडच्या एका वाडीतून लग्न होऊन ती या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आली, तेव्हा हातावरची मेंदी उतरायच्या आधीच सासूने तिच्या हातात पळी दिली होती.

सासूची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. एकच खोली, कोपऱ्यात धडधडणारे स्टोव्ह, भिंतीला टेकवलेली पितळी ताटं, आणि जिना चढून येणारी माणसं. बायकापोरं गावाकडे ठेवून गिरणीत राबणारे ते गडी. पहिली पाळी जेवून उठायची, उष्टी काढून फरशी पुसायची, की दुसरी पाळी दारात चपला काढत असायची. अंगाला कापसाची तुसं चिकटलेली, कानात यंत्रांची घरघर भरलेली. सगळे मोठ्याने बोलायचे, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकूच यायचं नाही. नव्या सुनेला पहिले काही दिवस वाटायचं की हे सगळे आपल्यावर रागावलेत.

त्या खोलीची एक रीत होती. सासूने ती बकुळाला पहिल्याच दिवशी सांगितली. वाढणाऱ्या बाईने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. पण शेवटचा माणूस कोणता, हे तिने आपलं आपण ठरवायचं नाही. सगळी ताटं घासून झाली की रिकाम्या टोपाच्या काठावर पळी वाजवायची, दारात जाऊन गॅलरीभर ऐकू जाईल अशी हाक द्यायची, "कोण रवलो काय रे?" म्हणजे जेवायचं कोणी राहिलं आहे का. हाक दिली की थांबायचं. कोणी आलं तर आपल्या वाट्यातलं त्याच्या ताटात घालायचं. कोणी नाहीच आलं, तर मग आपलं पान मांडायचं.

आणि बहुतेक वेळा कोणीतरी यायचंच. दुहेरी पाळी करून आलेला कोणी, घरात भांडण करून निघालेला कोणी. संपाच्या दिवसांत तर हाक द्यायचीही गरज उरली नाही. माणसं जिन्यातच बसून असायची आणि वर बघायची नाहीत. बकुळा त्यांना वाढायची आणि तीही त्यांच्याकडे बघायची नाही. वाढताना माणसाच्या तोंडाकडे बघू नये, ताटाकडे बघावं, हेही सासूनेच शिकवलेलं.

मग गिरण्या गेल्या. जेवणारे गावाला परतले, काही कायमचे गेले. बकुळाचा नवरा माधव गिरणीच्या साचेखात्यात मागावर होता, त्याने पुढे मिळेल ते काम केलं आणि एका पावसाळ्याच्या शेवटी तोही गेला. पण स्टोव्ह विझला नाही. परळच्या इस्पितळांत लांबलांबून आजारी माणसं येतात आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं बाहेर फुटपाथवर दिवस काढतात. बकुळा त्यांना डबे द्यायला लागली. गुडघे बोलायला लागले, मनगट सुजायला लागलं, तेव्हा मुलगा वैभव म्हणाला, "आई, आता पुरे. आयुष्यभर जगाला घातलंस. आता बसून खा."

बसून खा. मुलाने मायेने सांगितलं होतं. पण ते बकुळाला कधी जमलेलंच नव्हतं.

खानावळ बंद झालेल्या घरात चार माणसं होती आणि चौघांच्या जेवणाच्या चार वेळा होत्या. वैभव लोअर परळच्या एका उंच इमारतीत लिफ्टच्या देखभालीला होता, कधी येईल त्याचा नेम नसायचा. सून मेघना दादरला साड्यांच्या दुकानात, डबा घेऊन जायची. नात अपेक्षा कॉलेजात, वाटेत काहीबाही खाऊन यायची. बकुळा दुपारी टोपाच्या काठावर पळी वाजवायची. गॅलरीत जाऊन थांबायची. समोरच्या बंद दारांवरून नजर फिरवायची. वैभव राहिलाय, म्हणायची. मेघना राहिलीय. वैभव यायचा तो बाहेर जेवून आलेला असायचा. तोवर तिची भूक मरून गेलेली असायची. रोज थोडी थोडी मरत ती भूक एक दिवस उठलीच नाही.

गॅलरीत कपडे वाळत घालताना बकुळा चक्कर येऊन पडली, तेव्हा घराला कळलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि म्हणाले, "रोग काही नाही. या खात नाहीत, एवढंच. पुढच्या भेटीला वजन आणखी उतरलेलं दिसलं, तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल."

इस्पितळाबाहेर डबे देणाऱ्या आपल्या सासूला त्याच इस्पितळात नळीने भरवायचं, हे मेघनाच्या डोळ्यांपुढे येईना. तिने पेज केली, शिरा केला, सोलकढी केली. बकुळा बोट लावायची आणि ताट सरकवायची.

"अहो आई, दोन घास तरी."

"माका भूक नाय गो. वैभव येऊ दे."

"ते जेवून येणार आहेत."

"मगे अपेक्षा येऊ दे."

"आजी, मी तुझ्यासमोर बसलेय," अपेक्षा म्हणाली.

"तू जेवलंस काय?"

"जेवले."

"कधी? माका नाय दिसलंस."

परीक्षा संपून अपेक्षा घरातच होती. दुपारी आजीच्या खाटेशी बसून ती मोबाईलवर खेळायची. एका दुपारी बकुळा कुशीवर वळली आणि तिची नजर त्या उजेडाच्या तुकड्यावर पडली. पांढऱ्या मैदानावर रंगीत ठिपके विखुरलेले, जसे सारवलेल्या खळ्यात नाचणीचे दाणे. आणि त्यांच्यातून लहानमोठे गोल वाटोळे जीव पोहत होते.

"ह्या काय?"

"खेळ आहे. हा हिरवा गोल म्हणजे मी. ठिपके खायचे, थोडं मोठं व्हायचं. मग आपल्यापेक्षा लहान असेल त्याला गिळायचं. आणि मोठा दिसला की पळायचं."

"मग शेवटी काय होता?"

"शेवट नाही. खात राहायचं."

बकुळा बघत राहिली. एक प्रचंड जांभळा गोल कडेने आला. आधी त्याची नुसती कड दिसली, जशी खाडीच्या वळणावर आधी बोटीच्या पुढच्या टोकाची नाळ दिसते. मग तो येतच राहिला, येतच राहिला, आणि त्याने पडदा व्यापला. अपेक्षाचा हिरवा गोल त्याच्या पोटात नाहीसा झाला.

"गेलं," अपेक्षा म्हणाली. "हा रोज असतो. नाव बघ, नो मर्सी. म्हणजे दया नाही."

"ह्यो कोण? यंत्र?"

"नाही गं आजी. माणूस आहे. ह्यातले बरेचसे माणसंच आहेत. आत्ता कोणीतरी कुठेतरी मोबाईल घेऊन बसलंय आणि बोटाने हे फिरवतंय."

बकुळा उठून बसली. कितीतरी दिवसांनी ती कोणाच्या आधाराशिवाय उठून बसली होती. तिने मोबाईल जवळ घेतला आणि त्या इवल्या इवल्या फिरणाऱ्या गोलांकडे डोळे बारीक करून पाहिलं. प्रत्येक गोलामागे एक माणूस. ना तोंड दिसत, ना आवाज येत. नुसतं एक नाव, आणि त्या नावाखाली भूक.

"ह्या सगळ्यांका भूक लागली हा?" तिने हळूच विचारलं.

अपेक्षा हसली. पण आजी हसत नव्हती.

तिने आजीला खेळ शिकवला. अंगठा कसा सरकवायचा, कसं पळायचं. काटेरी हिरवे गोळे टाळायचे, मोठा गोल त्यांना लागला की फुटून त्याच्या ठिकऱ्या होतात. "आणि हे बटण," ती म्हणाली, "दाबलं की तुझ्यातला एक तुकडा बाहेर पडतो. ते तू दाबू नकोस. उगाच बारीक होशील."

नाव काय घालायचं, असं तिने विचारलं. बकुळाला काही सुचेना. मग अपेक्षानेच मराठीत लिहिलं, 'खानावळ'.

पहिल्याच डावात बकुळाने ठिपके खाल्ले, थोडी फुगली, आणि समोर एक लहानसा पिवळा गोल आला. नुकता जन्मलेला, कुठे जावं न कळणारा. अपेक्षा म्हणाली, "खा त्याला." बकुळाचा अंगठा थांबला. मग तो सरकला, आणि नेमका त्या बटणावर गेला. तिच्यातला एक तुकडा सुटून पिवळ्यापुढे जाऊन पडला. पिवळा दचकून मागे हटला, थांबला, पुढे आला, आणि त्याने तो खाल्ला.

"आजी, हे काय केलंस?"

"लहान हा तो. आधी तेका."

बकुळाने पुन्हा दिलं, पुन्हा दिलं. पिवळा मोठा झाला. बकुळा लहान झाली. मग पिवळ्याने तिला खाल्लं.

अपेक्षा पोट धरून हसली. "तू घास देतेस आणि ते तुलाच खातात."

"गिऱ्हायकान खानावळवालीक खाल्ल्यान, ह्यात नवीन काय ता? तुझ्या आजोबाच्या दोस्तांनी माका काय कमी खाल्ल्यानी?"

त्या दिवसापासून दुपारची खानावळ सुरू झाली. घरातलं आवरलं की बकुळा भिंतीला टेकून बसायची, मांडीवर मोबाईल. ती पोटापुरतं मिळवायची आणि वाटून टाकायची. बहुतेक जण तिला गिळायचे. ती पुन्हा जन्म घ्यायची, कणाएवढी, आणि पुन्हा ठिपके वेचायला लागायची. पण हळूहळू काही वेगळं दिसायला लागलं. तीच तीच नावं पुन्हा दिसू लागली. एक 'ससा' होता. एक 'भूत' होतं. एक कोणी नुसतंच टिंब लावून यायचं. ही मंडळी तिला बघून पळायची नाहीत आणि तिला खायचीही नाहीत. घास घेतला की तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि जायची. बोलायची सोय त्या खेळात नव्हती. ती फेरी हेच बोलणं.

"नमस्कार करतंत," बकुळा म्हणायची.

पण ताटाचं तसंच होतं. खेळात शेकडो तोंडांना भरवून ती मोबाईल ठेवायची, मेघनाने झाकून ठेवलेलं ताट उघडायची, दोन शितं चिवडायची आणि पुन्हा झाकायची. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला होता. डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ येत होता. मेघना रोज कॅलेंडरकडे बघायची.

नो मर्सी मात्र फेरी मारणाऱ्यातला नव्हता. बकुळाने त्याला म्हसोबा नाव ठेवलं होतं. तो दिसला की सगळे पांगायचे, जसे घार दिसल्यावर कोंबडीची पिल्लं. त्याने बकुळाला किती वेळा गिळलं असेल याचा हिशेब तिनेही ठेवला नव्हता. एका दुपारी तो भुताच्या मागे लागला आणि त्या भरात काटेरी गोळ्यावर आदळला. एवढा मोठा डोंगर, पण क्षणात फुटला. त्याच्या ठिकऱ्या मैदानभर उडाल्या. आजूबाजूचे सगळे त्याच्यावर तुटून पडले आणि बघता बघता त्याचा एकच लहानसा तुकडा उरला. तो नेमका बकुळाच्या समोर. बकुळा त्या दिवशी नेहमीपेक्षा थोडी फुगलेली होती.

"खा आजी," अपेक्षा ओरडलीच. "रोज तुला खातो ना तो? आता खा त्याला."

बकुळाने त्याच्याकडे पाहिलं. जिन्यात खाली मान घालून बसलेले ते गडी तिच्या डोळ्यांपुढे आले असतील किंवा नसतील. ती एवढंच म्हणाली, "उपाशी माणूस शत्रू नसता गो." आणि तिने घास टाकला. म्हसोबा जागचा हलला नाही. तिने आणखी टाकला. मग तो हळूच पुढे सरकला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. आणि फेरी न मारता निघून गेला.

"बघ," अपेक्षा म्हणाली. "थँक्यू पण नाही."

"जेवणाऱ्यान आभार मानूचे नसतत. जेवूचा असता."

सोमवारी दादरची साड्यांची दुकानं बंद असतात. त्या सोमवारी मेघना घरी होती. तिने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि भात केला होता, सासूच्याच हाताखाली शिकलेलं. गल्लीतून मसाला कांडणाऱ्या डंकांचा आवाज वर येत होता. उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. बकुळा भिंतीला टेकून बसली होती, अंगठा मोबाईलवर, शेजारी अपेक्षा.

त्या दिवशी खेळात बकुळा वाटून वाटून अगदी बारीक झाली होती. एवढी बारीक की मैदानाचा हातभर तुकडाच काय तो तिला दिसत होता. कारण त्या खेळाचा नियमच तसा. लहान असलं की आपल्या आजूबाजूचं अंगणच दिसतं. जसजसं मोठं व्हावं, तसतसं मैदान मागे सरतं आणि जग उघडत जातं. बकुळा कधी फार मोठी झालीच नव्हती, त्यामुळे हे तिला माहीतच नव्हतं.

पडद्याच्या कडेला जांभळी कड दिसली. म्हसोबा. बकुळा पळाली नाही, ती एवढी थकली होती की अंगठा जेमतेम सरकत होता. म्हसोबा आला आणि थांबला. आणि त्याच्यातून एक तुकडा सुटून बकुळाच्या पुढ्यात पडला.

बकुळाने तो घेतला नाही. ती बाजूला झाली, आपल्यातला एक इवलासा कण त्याच्याकडे टाकला. वाढणाऱ्या बाईला कोणी घास पुढे केला तर तिने तो परतवायचा असतो, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. म्हसोबाने पुन्हा टाकला. ती पुन्हा बाजूला झाली. मग उजवीकडून ससा आला. त्यानेही टाकला. भूत आलं. ते टिंब आलं. आणखी कितीतरी आले, ज्यांची नावं परक्या लिपीत होती, बकुळाला वाचता न येणारी. एरवी एकमेकांना गिळणारे ते सगळे एकमेकांपासून जरा जरा अंतर ठेवून तिच्याभोवती गोलाकार थांबले. कोणी कोणाला खात नव्हतं. पंगत बसावी तसे ते बसले होते आणि मधोमध त्यांनी तिचं पान मांडलं होतं.

अपेक्षा पुढे वाकली. "आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "असं कधी होत नाही. मी इतकी वर्षं खेळतेय. असं कधीच होत नाही."

"काय करतंत ते?"

"तुला देतायत. तू घे ना. तू घेतल्याशिवाय ते जाणार नाहीत बहुतेक."

मेघना ओल्या हातानेच येऊन मागे उभी राहिली होती.

बकुळाने त्या सगळ्यांवरून नजर फिरवली. मग तिचा अंगठा पुढे सरकला. तिने एक घास घेतला. मग दुसरा. चारी बाजूंनी घास पडत राहिले आणि ती घेत राहिली, आणि मैदान मागे सरायला लागलं. देवगडाकडे कातळाचा सडा चढताना प्रत्येक पावलाला समुद्र थोडा थोडा वर येतो आणि माथ्यावर पोचलं की एकदम सगळा पसरतो, तसं ते मैदान पसरलं. तिला तिच्याभोवतालची पंगत दिसली. पंगतीच्या पलीकडे आणखी गोल दिसले. त्यांच्या पलीकडे आणखी, पार कडेपर्यंत, रंगीत, हलणारे, लहान लहान. एवढी माणसं. एवढी माणसं या भरदुपारी कुठेकुठे बसलेली, आणि प्रत्येकाला भूक. कोपऱ्यातल्या स्टोव्हपुढे बसून तिने उभ्या जन्मात ताटं पाहिली होती. सगळी पंगत अशी एका नजरेत तिने कधी पाहिली नव्हती.

"बापरे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मग खेळच तो, संपायचा तसा संपला. कुठून तरी दोन अनोळखी मोठे गोल आले, पंगत उधळली, आणि एवढी मोठी झालेली खानावळ कोणाच्या तरी पोटात गेली. बकुळाला त्याचं काही वाटलं नाही. मोबाईल मांडीवर ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली, जशी मूर्ती बघून देवळाबाहेर आलेली माणसं बसतात.

अपेक्षा उठली. तिने टोपातली पळी काढली. कधी केलं नव्हतं ते तिने केलं. टोपाच्या काठावर पळी वाजवली, दारात गेली, आणि आजीसारखी, पण शहरी गळ्याने हाक दिली, "कोण रवलो काय रे?"

गॅलरीत कोणी नव्हतं. हाक पलीकडच्या भिंतीला लागून परत आली. मेघना ओट्याशी थांबली. डंकांचा आवाज तेवढा येत होता.

वैभव राहिला होता. तो यायचा होता. बकुळाने तोंड उघडलं, नेहमीसारखं तेच सांगायला. आणि तिथेच थांबली. तिने दाराकडे पाहिलं, जिथे नात पळी घेऊन उभी होती, येणाऱ्या माणसाची वाट बघत.

"मी रवलंय," बकुळा म्हणाली.

मेघनाने ताट मांडलं. अपेक्षाने वाढलं, भात सांडवत, सांबारं ताटाच्या काठावरून ओघळवत. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती. बकुळाने तिला डोळ्यांनीच दटावलं आणि नात ताटाकडे बघायला लागली.

बकुळाने घास केला. तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग दुसरा केला.

"मीठ कमी पडलां गो, मेघना," ती म्हणाली, आणि ताट जवळ ओढलं.